मधे इंग्रजी नको: पहिला मांगा मुळातून वाचायचा तर

अ‍ॅनिमे हिंदीतून बघून झाले, मांगाची (जपानी चित्रकथांची) इंग्रजी भाषांतरंही संपली, आता मूळ जपानी वाचायचं आहे. इथवर आलेले बरेच जण पुढच्या महिन्याभरात अडकतात, कारण जपानीत शिरायला ते इंग्रजीचं दार निवडतात. शब्द रोमन लिपीत पाठ करतात, वाक्याचं आधी इंग्रजी करतात आणि मग अर्थ लावतात. मराठी येणाऱ्याला हा वळसा कशाला? वर्णमालेचा क्रम, वाक्यातली क्रियापदाची जागा, विभक्तीसारखे प्रत्यय, ‘करून टाकलं’सारखी जोडक्रियापदं, यातलं बरंच काही आपल्या घरचंच आहे.

हा लेख दोघांसाठी आहे: शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी, आणि एन-५ (जपानी भाषेची सर्वांत प्राथमिक परीक्षा) पास होऊनही मांगाचं पहिलं पान उघडून लगेच मिटणाऱ्यांसाठी. रोज तासभर दिलात तर पाच-सहा महिन्यांत लहान मुलांचा मांगा अडखळत का होईना वाचता येतो.

आधी हे जवळ ठेवा

- मोठ्या चौकटींची गणिताची वही आणि पेन्सिल. काना (जपानी अक्षरं) गिरवायला यापेक्षा चांगलं काही नाही.
- ‘मिन्ना नो निहोंगो’ या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग, धडे १ ते २५. भारतीय आवृत्ती मिळते.
- फोनवर जपानी कीबोर्ड.
- शब्दकोश: संगणकावर जिशो, अँड्रॉइडवर ताकोबोतो.
- शब्दांच्या उजळणीसाठी अंकी हे पत्त्यांचं अ‍ॅप.
- फुरिगाना असलेला मांगा. फुरिगाना म्हणजे काय ते पायरी ३ मध्ये येईल. तोवर काही विकत घेऊ नका.

१. काना: रोमन लिपी पहिल्याच दिवशी सोडा

काना म्हणजे हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. तक्त्याचा क्रम बघा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतं? वाटायलाच हवं. सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णविचार शिकलेल्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून हा क्रम आला आहे. ‘क’नंतर ‘स’ का, असं वाटेल. त्या जागी पूर्वी च-त्ससारखा उच्चार होता, म्हणून ती ओळ ‘च’वर्गाच्या जागी आली. ‘ह’ची ओळ ‘प’वर्गाच्या जागी आहे, कारण तिचा जुना उच्चार ‘प’ होता. म्हणूनच ‘हा’वर दोन छोट्या रेघा दिल्या की ‘बा’ होतो आणि बारीक गोल दिला की ‘पा’. हे एकदा कळलं की तक्ता पाठ करायला निम्मे कष्ट लागतात.

उच्चारातही आपली सोय आहे. ‘चि’ म्हणजे चिमणीतला ‘च’, ‘त्सु’ म्हणजे चुलीतला. ‘झु’ म्हणजे जुन्यातला ‘ज’. स्वराशिवाय येणारा सुटा ‘न’ तर सरळ आपला अनुस्वारच: ‘शिंबुन’मध्ये (वर्तमानपत्र) तो म् होतो, ‘गिंको’मध्ये (बँक) ङ् होतो. रोमन लिपीतून शिकणाऱ्यांना याचे नियम पाठ करावे लागतात, तुम्ही नुसतं वाचलंत तरी बरोबर येईल. छोटा ‘त्सु’ पुढच्या अक्षराचं द्वित्त करतो: ‘किते’ म्हणजे येऊन, ‘कित्ते’ म्हणजे कापून.

देवनागरी दगा देते ती स्वरांच्या लांबीत. आपण सवयीनं ‘आ’ लिहितो, पण जपानी आ एक मात्रेचा असतो आणि दोन मात्रांचाही. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘युकि’ म्हणजे बर्फ, ‘यूकि’ म्हणजे धैर्य. म्हणून देवनागरीची कुबडी पहिला आठवडाच वापरा. नंतर वहीत फक्त काना.

हमखास घोळ होणारी अक्षरं:

- काताकानातले शि आणि त्सु, न आणि सो. शि आणि न यांच्यात लांब रेघ खालून वर जाते. त्सु आणि सो यांच्यात वरून खाली येते. शिच्या दोन छोट्या रेघा एकाखाली एक असतात, त्सुच्या शेजारी शेजारी. नुसतं बघून हे चौघे कधीच वेगळे होत नाहीत, हातानं गिरवले की होतात.
- हिरागानातले नु-मे, रु-रो आणि ने-रे-वा. यांच्या शेवटाकडे बघा, सुरुवात सारखीच असते.
- ‘वा’ हा प्रत्यय लिहिताना ‘हा’ लिहितात, ‘ए’ लिहिताना ‘हे’, आणि ‘ओ’साठी ‘वो’चं अक्षर. वाक्यात प्रत्यय म्हणून आले तरच हा नियम.

काताकाना कंटाळवाणा वाटतो म्हणून पुढे ढकलू नका. मांगातले निम्मे आवाज आणि परकीय शब्द त्यातच असतात. परकीय म्हणजे सगळे इंग्रजी नव्हेत. ‘आरुबाइतो’ (अर्धवेळ काम) जर्मन आहे आणि ‘पान’ (ब्रेड) पोर्तुगीज. आपला पावही त्याच पोर्तुगीज शब्दातून गोव्याच्या वाटेनं आला, तेव्हा जपानी पान आणि मुंबईचा पाव सख्खे भाऊ.

२. कीबोर्ड बसवा

रोमन अक्षरं दाबून काना उमटवणारा कीबोर्ड चालेल. टंकायला रोमन लिपी वापरली तर बिघडत नाही. तीन खुब्या लक्षात ठेवा. सुटा ‘न’ हवा असेल तर एन दोनदा दाबा. छोटा ‘त्सु’ हवा असेल तर पुढचं व्यंजन दोनदा. नुसतंच छोटं अक्षर हवं असेल तर आधी एक्स. हे न कळल्यानं ‘शब्दकोशात शब्दच सापडत नाही’ अशी तक्रार होते. शब्द असतो, आपण चुकीचा टंकलेला असतो.

३. पुस्तक निवडताना आधी फुरिगाना बघा

कांजीच्या (चिनीतून आलेल्या चित्राक्षराच्या) बाजूला तिचा उच्चार बारीक काना अक्षरांत छापलेला असतो, तो फुरिगाना. सुरुवातीला हा एकच निकष पुरे आहे. मांगाचं पान म्हणजे चित्र, त्यातला मजकूर निवडून शब्दकोशात चिकटवता येत नाही. फुरिगाना असेल तर उच्चार टंकून शब्द शोधता येतो. नसेल तर अनोळखी कांजीचे भाग मोजत बसावं लागतं, किंवा फोनचा कॅमेरा लावावा लागतो. उभ्या ओळींत कॅमेरा बरेचदा गडबडतो, शिवाय लगेच इंग्रजी भाषांतर पुढे करतो. म्हणजे पुन्हा त्याच दारात.

ओळखायचं कसं? मुलांच्या, म्हणजे शोनेन (मुलगे) आणि शोजो (मुली) नियतकालिकांतल्या मालिकांना बहुधा संपूर्ण फुरिगाना असतो. प्रौढांच्या सेइनेन मांगांना तो बहुधा नसतो. नियतकालिकाच्या नावात ‘यंग’ दिसलं की सावध व्हा. आकारावरूनही अंदाज येतो. शोनेनचा खंड साधारण ११ बाय १७.५ सेंटिमीटरचा, सेइनेनचा बी-६ म्हणजे १२.८ बाय १८.२. खात्री मात्र नमुना पानं बघूनच करा. जपानी दुकानांत आणि प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर ‘तामेशियोमी’ असं बटण असतं, त्यावर पहिली काही पानं फुकट वाचता येतात.

सुरुवातीला काय घ्यावं? ‘दोराएमोन’. बालिश वाटून नाक मुरडू नका. गोष्टी छोट्या आणि सुट्या, संपूर्ण फुरिगाना, घर-शाळा-मैदान एवढंच जग, आणि माणसं टीव्हीमुळे आधीच ओळखीची. शोगाकुकानच्या ‘तेंतोउमुशी’ मालिकेत १९७४ पासून निघालेले ४५ खंड आहेत. कुठलाही उचला, क्रम लागत नाही. हिंदी डबिंगमध्ये न दिसणारी एक गंमत मुळात आहे: त्याच्या नावातलं ‘दोरा’ काताकानात लिहितात आणि ‘एमोन’ हिरागानात.

त्यानंतर आजुमा कियोहिको यांचं ‘योत्सुबातो!’ घ्या, २००३ पासूनचं. पाच वर्षांची मुलगी, तिचे बाबा, शेजारचं घर आणि रोजची बोली.

लढाई, जादू, अंतराळ हे विषय पहिल्या पुस्तकाला नकोत. आवडता अ‍ॅनिमे त्याच जातीचा असला तरी नको. त्यातले निम्मे शब्द लेखकानं घडवलेले असतात आणि दुसरीकडे कुठे कामाला येत नाहीत.

आणखी एक समज आधीच पुसून टाका: ‘सगळं हिरागानात असेल तर सोपं.’ जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. कांजी आली की नवा शब्द सुरू झाला हे कळतं. सलग हिरागानाची ओळ म्हणजे शिरोरेषा एकसंध ओढून लिहिलेलं मराठी. कांजी अधिक फुरिगाना हीच सर्वांत सोपी जोडी.

४. मिळवायचं कुठून

ई-पुस्तक सोपं पडतं. बुकवॉकरसारख्या जपानी दुकानात खातं उघडा, पण आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. आपल्याकडे नव्या कार्डावर ते बंदच असतात, आणि पैसे अडकले की लोक दुकानाला दोष देतात. पहिला व्यवहार एकाच स्वस्त खंडाचा करून बघा.

कागदी पुस्तक मागवलं तर टपालखर्च पुस्तकाहून जास्त होऊ शकतो. शिवाय कुरियर कंपनी केवायसी कागद मागते आणि सीमाशुल्क लागू शकतं. जपानहून कोणी येणार असेल तर बुक-ऑफसारख्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणायला सांगा. एक खंड साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमचा भरतो, म्हणजे किलोत पाच-सहा. मालिकेचं नाव जपानीत आणि खंडाचा क्रमांक लिहून द्या, नाहीतर भलताच भाग हातात येतो.

चोरून स्कॅन केलेली पानं टाळा. नैतिक मुद्दा बाजूला ठेवला तरी त्यांत फुरिगाना पुसट झालेला असतो, आणि बारीक काना अक्षरांतल्या ‘बा’ आणि ‘पा’मधला फरक म्हणजे एक ठिपका.

५. पान कसं वाचायचं

पुस्तक आपल्या दृष्टीनं मागून उघडा. चौकटी उजवीकडून डावीकडे, मग खालची ओळ. फुग्यातला मजकूर उभा, त्याच्या ओळीही उजवीकडून डावीकडे. अमेरिकेत सुरुवातीला बरेच मांगा आरशातल्यासारखे उलटवून छापत, त्यामुळे उजवी माणसं डावखुरी होत असत. जुनी इंग्रजी प्रत समोर ठेवून ताडून बघत असाल तर हे ध्यानात असू द्या.

एका पानाचे तीन फेरे करा:

- पहिला फेरा शब्दकोशाशिवाय. चित्रं बघा, फुगे मोठ्यानं वाचा.
- दुसऱ्यात प्रत्येक फुग्याचा फक्त शेवट बघा. क्रियापद तिथंच असतं. तेवढंच शोधा.
- तिसऱ्यात उरलेलं. एका पानातले पाचच शब्द अंकीत टाका. वीस टाकलेत तर पंधरवड्यात उजळणीचा डोंगर होतो आणि पुस्तक बाजूला पडतं.

फुग्याबाहेर वेड्यावाकड्या अक्षरात खरडलेलं असतं ते (आवाजांचे शब्द वगळता) खुशाल सोडा, त्याला फुरिगानाही नसतो. आणि कधी कधी कांजी एक आणि फुरिगाना भलताच असं दिसेल. कांजी ‘होंकि’ची (मनापासून, खरंच) आणि बाजूला छापलेलं ‘माजि’, म्हणजे त्याच अर्थाचा बोलीतला शब्द. ही छपाईची चूक नाही. अर्थ कांजीतून आणि उच्चार फुरिगानातून द्यायची ही लेखकाची युक्ती आहे. पात्र ‘माजि’ म्हणतंय असं धरून पुढे जा.

६. क्रियापद: ‘-ऊन’ची किल्ली

मांगा बंद करायला लावणारी पायरी हीच. वर्गात आधी ‘मासु’ लावून सभ्य रूपं शिकवतात. मांगातली पोरं ती घरात वापरत नाहीत. म्हणून ‘मिन्ना’चा निदान २०वा धडा होईपर्यंत मांगाला हात लावू नका. १४व्यात ‘ते’रूप येतं, १७ ते १९ मध्ये नकार, मूळ रूप आणि भूतकाळ, २०व्यात साधी बोली. एन-५ पास होऊनही मांगा कळत नाही याचं कारण बहुधा हेच: परीक्षा सभ्य रूपांवर निघून जाते.

वाक्याची बांधणी आपलीच आहे. ‘नेको गा साकाना ओ ताबेता’: मांजरानं मासा खाल्ला. शब्दाला शब्द, जागेवर जागा. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, लिंगाची कटकट नाही. ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत.

आणि ‘ते’रूप म्हणजे आपलं ‘-ऊन’. त्याला दुसरं क्रियापद जोडलं की बघा:

- मोत्ते इकु: घेऊन जाणं. मोत्ते कुरु: घेऊन येणं.
- मिते मिरु: बघून पाहणं.
- ताबेते शिमाउ: खाऊन टाकणं.
- ओइते ओकु: ठेवून देणं.
- काइते आगेरु: लिहून देणं.

‘खाऊन टाकलं’मधली ती ‘संपलं एकदाचं’ किंवा ‘अरेरे, खाल्लंच’ अशी छटा ‘शिमाउ’तही आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यावर पानभर स्पष्टीकरण वाचावं लागतं. तुम्ही फक्त मराठी करा.

बोलीत ही रूपं आखडतात, आणि पुस्तकी रूप पाठ असलं तरी डोळा चकतो. ‘ताबेते शिमात्ता’चं ‘ताबेचात्ता’ होतं. ‘मिते इरु’ (पाहतोय) चं ‘मितेरु’. ‘ओइते ओकु’चं ‘ओइतोकु’. ‘इकानाकेरेबा’ (जायलाच हवं) चं ‘इकानाक्या’. ही चार वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, पहिल्याच गोष्टीत त्यांतली दोन-तीन भेटतील.

मराठीची सवय दोन ठिकाणी फसवते. एक, आपण कर्ता गाळतो तेव्हा क्रियापद तो सांगतं: ‘जेवलास?’, ‘जेवलीस?’ जपानी ‘ताबेता’ मात्र मी-तू-तो-ती सगळ्यांना एकच. कोणी खाल्लं ते फुग्याच्या शेपटीवरून आणि चित्रावरून ठरवा. दोन, ‘देणं’ला दोन शब्द आहेत. माझ्याकडून दुसऱ्याला ते ‘आगेरु’, दुसऱ्यानं मला (किंवा माझ्या माणसाला) ते ‘कुरेरु’. ‘काइते कुरेता’ एवढ्यातच ‘मला लिहून दिलं’ आलं, ‘मला’ कुठेच नसताना. ‘मिन्ना’त हे २४व्या धड्यात येतं, ते चुकवू नका.

७. आवाजांचे शब्द गाळू नका

चित्रावर आडवेतिडवे पसरलेले आवाज इंग्रजी वाचक शोभा समजून सोडून देतात. भाषांतरकारही त्या जागी बरेचदा साधं क्रियापद लिहून मोकळा होतो. आपल्याकडे तर अशा शब्दांची खाण आहे, वापरा ती. ‘दोकिदोकि’ म्हणजे छातीत धडधड. ‘किराकिरा’ म्हणजे चमचम, ‘गुरुगुरु’ म्हणजे गरगर. पाऊस ‘झाआझाआ’ पडला की धो धो, ‘शितोशितो’ पडला की रिमझिम. ‘पेकोपेको’ म्हणजे पोटात कावळे ओरडतायत. ‘गोरोगोरो’ ढगांचा असेल तर गडगडाट आणि माणसाचा असेल तर नुसतं लोळत पडणं, चित्र बघून ठरवा. आणि ‘शीइन’ म्हणजे चिडीचूप. शांततेलाही आवाजाचा शब्द आहे.

अंकीच्या पत्त्यामागे अर्थ लिहिताना ‘सन्नाटा’, ‘टकामका’, ‘लगबग’ असं लिहा. इंग्रजी अर्थ लिहिलात तर तो विसराल.

८. कोण कोणाला काय म्हणतं

‘मी’ला शब्द अनेक आहेत आणि त्यातच माणूस कळतो. ‘दोराएमोन’मधला नोबिता स्वतःला ‘बोकु’ म्हणतो, ज्याइआन ‘ओरे’, शिझुका ‘वाताशि’. ‘तू’मध्येही ‘किमि’ आणि ‘ओमाए’ यांत अंतर आहे. ‘तेमे’ तर भांडणातला शब्द. सान, कुन, चान, सामा हे नावाला लागतात. अनोळखी तरुणाला ‘ओनीसान’, तरुणीला ‘ओनेसान’ म्हणतात. आपण रिक्षावाल्याला दादा आणि दुकानातल्या बाईंना ताई म्हणतो तसंच.

धोका एवढाच की मांगातली भाषा तोंडात बसते. शिक्षकांशी, मुलाखतीत किंवा कंपनीतल्या जपानी पाहुण्यांशी ‘ओरे’ आणि ‘ओमाए’ गेलं की संपलं. वाचायला साधी बोली आणि बोलायला ‘मासु’, हे दोन कप्पे पहिल्यापासून वेगळे ठेवा.

९. मांगातून गोष्टींकडे

दोन-तीन खंड झाले आणि जपानी प्राथमिक शाळेतल्या पहिल्या दोन इयत्तांच्या २४० कांजी (८० अधिक १६०) ओळखता येऊ लागल्या की आओझोरा बुंको उघडा. १९९७ मध्ये सुरू झालेलं हे फुकट डिजिटल ग्रंथालय आहे आणि त्यात स्वामित्वहक्क संपलेलं साहित्य असतं. जपाननं २०१८च्या ३० डिसेंबरपासून ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेली. म्हणून १९६७ पर्यंत निवर्तलेले लेखक तिथं मोकळे आहेत आणि त्यापुढचे २०३९ पासून येऊ लागतील. मिशिमा (१९७०) किंवा कावाबाता (१९७२) तिथं शोधत बसू नका.

पहिली गोष्ट निइमि नानकिचि (१९१३–१९४३) यांची ‘गोंगित्सुने’. कोल्ह्याची छोटी कथा, जपानी मुलं ती चौथीत वाचतात. तिची पानं मजकुराच्या स्वरूपात असल्यानं शब्द निवडून थेट शब्दकोशात टाकता येतात. संगणकावर योमितान हे विस्तारक बसवलंत तर शब्दावर माउस नेला की अर्थ दिसतो.

एकाच कथेच्या दोन-दोन प्रती दिसल्या तर ‘शिनजि शिनकाना’ असा शेरा असलेली घ्या, म्हणजे नवी कांजी आणि नवं कानालेखन. ‘क्यूजि क्यूकाना’ची प्रत १९४६च्या लेखनसुधारणेआधीच्या वळणाची असते. त्यात लिहिलेलं एक आणि वाचायचं दुसरंच. ‘क्यो’ (आज) हा शब्द तिथं ‘केफु’ असा लिहिलेला सापडेल आणि शब्दकोशात तासभर शोधूनही मिळणार नाही.